म्हशीला दिलेले जपानी हुकूम

चोपन्नाव्या वर्षी मला परीक्षेला बसवलं ते माझ्याच लेकीनं. बारावीनंतर मी कुठलीच परीक्षा दिली नव्हती आणि तशी हौसही नव्हती. लेक जपानात असते. नर्सिंग करून ती तिकडं म्हाताऱ्या माणसांची सेवा करायच्या नोकरीवर गेली, तिथलाच मुलगा पसंत केला, लग्न केलं, आणि मग एका रविवारी फोनवर म्हणाली, "आई, मला दिवस गेलेत." मी देवापुढं साखर ठेवली आणि विचारलं, "मग कधी येतेस?" पहिलं बाळंतपण माहेरी होतं. त्यात एवढंच विचारायचं असतं.

पण ती येणार नव्हती. डॉक्टरांनी विमानाचा प्रवास नको म्हणून सांगितलं होतं. "मग मी येते," मी म्हणाले. त्यावर ती गप्प झाली. माझी लेक गप्प झाली की समजायचं, हिनं मनात आधीच काहीतरी ठरवून ठेवलंय.

"आई, नीट ऐकून घे," ती म्हणाली. "इथं घरात मी, हे आणि सासूबाई. ह्यांची पाळी असली की हे दिवसदिवस घरी नसतात. मी दवाखान्यात असले की तू आणि सासूबाई दोघीच. त्यांना मराठी येत नाही, हिंदी येत नाही, इंग्रजी पण येत नाही. तू कोपऱ्यात मुकी होऊन बसणार, मग तुला रडू येणार, मग मला तुझी काळजी. मी बाळाकडं बघू का तुझ्याकडं?"

"मी काय रडूबाई हाय व्हय?"

"हायेस," ती म्हणाली.

मग तिनं अट सांगितली. पाच महिने हातात आहेत. पाच महिन्यांनी सासूबाईंशी व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं बोलायचं. मध्ये ती नसणार, जावई नसणार. जमलं तर तिकीट काढायचं. नाही जमलं तर बाळंतपण सासूबाई करतील, मी नंतर सवडीनं बाळ बघायला यायचं.

मला राग आला. लय राग आला. ही पोटात होती तेव्हा हिचे वडील सरहद्दीवर होते, पण माझ्या उशाशी माझी आई होती. तीन दिवस ती दवाखान्यात सतरंजीवर बसून होती, मी डोळे उघडले की तिचंच तोंड दिसायचं. मला आता तिच्या जागी बसायचं होतं, दुसरं काही नको होतं. त्यासाठी जपानी शिकायची तर शिकू, त्यात काय एवढं, असं मी तावातावानं म्हणाले आणि फोन ठेवला. ठेवल्यावर घाम फुटला.

आमचे सुभेदार, म्हणजे माझे यजमान, शेजारी बसून सगळं ऐकत होते. फौजेतून येऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण अजून चहा सहाला म्हणजे सहालाच लागतो. ते म्हणाले, "जपानी? तुला? आगं तुला अजून रिमोट येत न्हाई."

"रिमोट तुमच्या हातातनं सुटला तर येईल ना," मी म्हणाले.

आमचं गाव कराडजवळ, आणि जपानीचा वर्ग सांगलीत. शनिवार-रविवार. पहाटे धार काढायची, भाकऱ्या टाकायच्या, एस.टी. धरायची, पेठ नाक्यावर वळून आष्ट्यावरून सांगली. विश्रामबागेत एका स्टेशनरीच्या दुकानावर वर्गाची खोली होती. शिकवणारी बाई सव्वीस वर्षांची. ती आधी कुपवाडला एका कारखान्यात जपानी पाहुणे आले की दुभाष्याचं काम करायची. पोरगी गोड होती, पण चुकीला माफी नव्हती. वर्गात बाकी सगळ्या नर्सिंगच्या मुली आणि डिप्लोमावाली पोरं. पहिल्या दिवशी मी आत गेले तर दोघं उठून उभे राहिले, त्यांना वाटलं नवीन बाई आल्या. मग सगळेच मला काकू म्हणायला लागले, बाईसुद्धा.

सुरुवातीला मी आपली शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसायची. मग एक दिवस कपड्यांची क्रियापदं आली. बाई म्हणाल्या, इंग्रजीत कसं सगळ्याला एकच शब्द असतो, तसं जपानीत नसतं. अंगातलं असेल तर 'किरु', कमरेखालचं किंवा पायातलं असेल तर 'हाकु', डोक्यावरचं असेल तर 'काबुरु', चष्म्याला आणखी वेगळंच. पोरांनी डोकी धरली. एक जण म्हणाला, "इतके शब्द कशाला लागतात? घालायचं म्हणजे घालायचं." बाईंनी एका मुलीला विचारलं, आपल्याकडं साडीला काय म्हणतो? ती म्हणाली, "साडी घालते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "साडी घालतात व्हय गं?" मी शेवटच्या बाकावरून ओरडले. "साडी नेसतात. पोलकं घालतात. फेटा बांधतात, बांगड्या भरतात, कुंकू लावतात, गजरा माळतात, पदर घेतात. तुमच्या आयांनी तुम्हाला काही शिकवलं का नाही?" बाई हसायला लागल्या. म्हणाल्या, "काकू, तुम्ही पुढं येऊन बसा. जपानी माणसं अगदी तुमच्यासारखंच बोलतात, कुठली वस्तू अंगावर कशी चढते ते बघून. या मुलांना आधी मराठी शिकवायला पाहिजे." त्या दिवसापासून मी पहिल्या बाकावर. घरी येऊन सुभेदारांना तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "कळलं. नेसतात."

पण तो तोरा आठवडाभरच टिकला. पुढच्या शनिवारी 'असणं' आलं. जपानीत जिवंत माणूस असेल, जनावर असेल, तर 'इरु'. भांडं, झाड, घर असेल तर 'अरु'. सोपं होतं. बाईंनी प्रत्येकाला घरात काय काय आहे ते सांगायला लावलं. मी सांगितलं, घरात चूल अरु, दारात म्हैस इरु, टीव्हीपुढं यजमान अरु. बाई म्हणाल्या, "काकू, यजमान इरु. ते जिवंत आहेत."

"बाई, टीव्हीवर मॅच लागली की ते डोळ्याची पापणी हलवत नाहीत," मी म्हणाले. "हाक मारली तर ओ देत नाहीत. मी कशाच्या आधारावर इरु म्हणू?"

वर्ग लोटपोट झाला. मी हे घरी सांगायला नको होतं, पण माझ्या पोटात राहतंय कुठलं? तेव्हापासून मॅच बघताना सुभेदार दर थोड्या वेळानं तिथूनच ओरडायचे, "इरु! इरु हाय मी!" शेजारणीला वाटलं ह्यांना उचकी लागलीय.

खरी अडले मी ती जाण्या-येण्यात. 'इकु' म्हणजे जाणं, 'कुरु' म्हणजे येणं. आता बाई म्हणाल्या, कुणी दारातून हाक मारली तर जपानी माणूस म्हणतो 'जातो', कारण तो तिकडं निघालेला असतो. आमच्यात काय? हाक आली की चुलीपुढून उठायच्या आधी आपण म्हणतो, "आले, आले!" गेली चाळीस वर्षं मी न उठता आलेली आहे. बाई हाक मारायच्या, मी ओरडायची "किमाशिता", म्हणजे आले, आणि बाई म्हणायच्या, "कुठं आलात? तुम्ही बाकावर आहात."

आणि निरोप घेताना तर माझी जीभच वळेना. फौजी माणसाच्या घरात उंबऱ्यावर 'जातो' हा शब्द काढत नाहीत. सुभेदारांची सगळी नोकरी मी दारातल्या पायरीवर उभी राहून बघितली. सुट्टी संपली की ट्रंक पुढं, ते मागं, आणि वळून एकच शब्द, "येतो." मी म्हणायची, "या." एकदा दिरांनी गमतीत "निघाला का? जा" म्हटलं होतं, तर माझ्या सासूबाईंनी त्यांना त्या दिवशी जेवायला वाढलं नव्हतं. त्यामुळं वर्ग सुटला की पोरं 'इकु'ची रूपं लावून मोकळी व्हायची आणि मी दारात गुमान उभी. शेवटी बाईंनी सांगितलं, काकू, ती माणसंही घरातून निघताना नुसतं 'जातो' म्हणत नाहीत, 'इत्ते किमासु' म्हणतात, जाऊन येतो. वर आणखी सांगितलं, की त्यांच्यातही पहिल्या बाळंतपणाला पोरगी आईकडं जाते, त्याला त्यांच्यात स्वतंत्र शब्द आहे. मी एस.टी.त बसून सांगली ते पेठ नाका याच आनंदात होते. म्हणजे माणसं आपल्यातलीच की.

आता मुख्य अडचण सरावाची होती. वर्ग आठवड्याला दोन दिवस. उरलेले पाच दिवस बोलू कुणाशी? गावात जपानी बोलणारं कोण? मग मी म्हशीपासून सुरुवात केली. तिच्यापुढं बादली ठेवायची आणि म्हणायचं 'नोमु', पिणं. वैरण टाकायची, 'ताबेरु', खाणं. धार काढताना हाताच्या तालावर सगळी रूपं म्हणायची. म्हैस गरीब, ऐकून घ्यायची. चुकलं तर हसत नव्हती, हा तिचा मोठा गुण.

सुभेदार दोनचार दिवस गोठ्याच्या दारात उभे राहून बघत होते. एक दिवस त्यांनी माझं पुस्तक मागितलं, चष्मा लावला आणि म्हणाले, "आगं, हे कसलं गुळमुळीत? खाता का, पिता का, कृपा करून बसता का. हुकूम कुठं हाय?"

मी म्हणाले, शेवटच्या पानावर तक्ता आहे, त्यात हुकमाचा रकाना आहे, पण तो वापरायचा नाही असं बाईंनी निक्षून सांगितलंय. तो पोलिसांचा, फौजेचा आणि भांडणातला. माझीच चूक. 'फौजेचा' हा शब्द मी उच्चारायला नको होता. त्यांचा चेहरा असा फुलला, की त्यांना परत भरतीचं पत्र आलं असावं असं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून साडेपाचला अंगणात कवायत. "ताते!" म्हणजे उभी राहा. "सुवारे!" म्हणजे बस. "माते!" थांब. "ताबेरो!" खा. "नेरो!" झोप. छाती काढून ते ओरडायचे आणि मी मागून ओरडायची. मला ते आवडायला लागलं, खोटं कशाला बोलू. छोटे छोटे शब्द, तोंडात पटकन बसायचे. 'सुवात्ते कुदासाई' असं लांबलचक 'कृपा करून बसा' म्हणेपर्यंत आमच्याकडं पाहुणा बसून उठून गेलेला असतो. महिन्याभरात सुभेदार सगळ्या गल्लीला सांगायला लागले की म्हैस 'ताते' म्हटलं की उठून उभी राहते. मी त्यांना म्हणाले, ती बादली बघून उठते. त्यांना पटलं नाही. "तिला कळतंय," ते म्हणाले, "तुझ्यापेक्षा लवकर शिकली."

बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "काकू, सवय लागेल हो. तोंडात बसलेलं ऐन वेळी बाहेर येतं." मी म्हणाले, छे, म्हैस वेगळी आणि विहीणबाई वेगळ्या, एवढं मला कळतं.

परीक्षेचा रविवार आला. लेक कामावर, जावई कामावर, मुद्दामच. आमच्याकडं सकाळचे अकरा. मी इरकल नेसले. नेसले, घातली नाही. फोन हळिवाच्या डब्याला टेकवून ठेवला. सुभेदारांना ताकीद दिली की फोनच्या मागं बसायचं, हातात घड्याळ धरायचं आणि तोंड उघडायचं नाही. मी देवाला हात जोडले आणि बटण दाबलं.

विहीणबाई समोर आल्या. मी त्यांना लग्नाच्या फोटोत बघितलं होतं, पण फोटोत माणूस नटलेलं असतं. समोर एक बारीकशी बाई होती, केस आखूड, कमरेला एप्रन, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी. त्यांचे यजमान लवकर गेले, मुलाला त्यांनी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करून वाढवलं, एवढं मला लेकीनं सांगितलं होतं. त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला, मी वाकून केला, त्यांनी परत केला, मी परत केला. यातच एक मिनिट गेलं. सुभेदारांनी मागून बोट दाखवलं, एक.

आणि मग मला बोलता आलं. देवाशप्पथ, आलं. मी विचारलं, माझी लेक नीट खाते का? त्या म्हणाल्या, खाते, पण तिखट मागते. मी म्हणाले, मी शेंगदाण्याची चटणी घेऊन येणार आहे. 'येणार'ला न चुकता 'इकु' लावलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडं जमीन हलते, तुम्ही घाबराल. मी म्हणाले, माझं माहेर कोयनानगर, वडील धरणाच्या कामावर होते, लहानपणी रात्रंदिवस जमीन हलायची, कपाटातली भांडी वाजली की आम्ही कूस बदलून झोपायचो. त्यांना हे इतकं आवडलं, की त्यांनी टाळी वाजवली. घरात कोण कोण आहे, विचारलं. मी म्हणाले, म्हैस इरु, यजमान इरु. मागं सुभेदारांनी समाधानानं मान हलवली.

पण मला एक गोष्ट खुपायला लागली होती. त्या एका जागी बसतच नव्हत्या. मी विचारलं बाळाचे कपडे आणले का, की त्या उठल्या, टेबलाचा काठ धरून, गुडघ्यावर हात दाबून, तोंड वाकडं करून, आणि कपडे घेऊन आल्या. परत बसताना तसंच. मग चहाचं पाणी बंद करायला उठल्या. मग मला खोली दाखवायला उठल्या. मग कोणीतरी दार वाजवलं म्हणून उठल्या. दर वेळी तो गुडघा. मी विचारलं, गुडघा दुखतो का? त्या हसून म्हणाल्या, काही नाही, काही नाही, आणि मला बिस्किटाचा डबा दाखवायला पाचव्यांदा उठायला लागल्या. आता बिस्किटाचा डबा मला फोनमधून दाखवून मी काय करणार होते?

"सुवारे!" मी ओरडले.

कसं आलं तोंडातून, मला माहीत नाही. आलं ते पहाटे साडेपाचच्या आवाजात आलं. गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली असणार. पण विहीणबाई धपकन खाली बसल्या. आणि फोनच्या मागून, इतका वेळ तोंड मिटून बसलेले आमचे सुभेदार सवयीनं म्हणाले, "शाबास!"

विहीणबाई माझ्याकडं बघत राहिल्या. तोंडावर हात ठेवला. डोळे मोठे झाले होते. मग भरभर काहीतरी बोलल्या, त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही, वाकून नमस्कार केला आणि पडदा काळा झाला. सुभेदारांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, "नऊ मिन्टं."

त्यानंतर मी त्यांना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. "तुमच्या त्या मेल्या हुकमानं लेकीचं बाळंतपण माझ्या हातचं घालवलं. आवं, विहीणबाईला बस म्हणाले मी, म्हशीला म्हणावं तसं! जन्मभर तुमचे हुकूम ऐकले ते कमी होते, म्हणून आता दुसऱ्या देशाचे शिकवलेत!" त्यांनी टोपी उचलली आणि उसाकडं निघून गेले, जेवायलाही आले नाहीत. मी बाईंना फोन केला. त्या आधी खो खो हसल्या, मग एकदम थांबल्या. म्हणाल्या, "काकू, वाईट वाटून घेऊ नका, पण हे जरा जास्तच झालं. मास्तर वर्गात दंगा करणाऱ्या पोरावर ओरडतात ना, 'ए, खाली बस', ते तुम्ही म्हणालात." मी फोन ठेवला आणि रडले. लेक म्हणाली होती तशीच रडूबाई झाले. हळिवाचा डबा तिथंच होता, तो उचलून फळीवर मागं ढकलून दिला.

संध्याकाळी सुभेदार आले. त्यांनी माझं पुस्तक घेतलं, डिंकाची बाटली काढली, आणि हुकमाच्या रकान्यावर वर्तमानपत्राची पट्टी कापून चिकटवून टाकली. नीट, सुरकुती न पडता, फौजेतलं अंथरूण घालावं तशी. मग पुस्तक माझ्यापुढं ठेवलं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

सोमवारी सकाळी लेकीचा फोन आला. "आई, काल सासूबाईंना काय म्हणालीस तू?"

मी सगळी माफी पाठ करून ठेवली होती, आदराच्या रूपात, बाईंकडून तपासून घेऊन. ती घडाघडा म्हणायला लागले. लेक म्हणाली, "थांब गं. मी काल कामावरून आले, तर सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. अंधार पडलेला, दिवा लावला नाही, स्वयंपाक नाही. मी घाबरले. म्हटलं, काय झालं? तर म्हणाल्या, तुझ्या आईनं मला बस म्हणून सांगितलंय."

मला तोंड वर करवेना.

"मग त्या म्हणाल्या," लेकीचा आवाज जरा वेगळा झाला, "ह्या घरात येऊन मला चाळीस वर्षं झाली. चहा आण म्हणणारे झाले, दार उघड म्हणणारे झाले. बस असं मला कुणी म्हटलं नाही. आई, मी पण नव्हतं गं म्हटलं. माझं कामच म्हाताऱ्या माणसांना बसवायचं, उठवायचं, आणि घरात मला त्यांचा गुडघा दिसला नाही."

मग मी विचारलं, कारण माझा जीव तिथंच अडकला होता, "पण नऊच मिनिटं झाली."

"मी पण तेच म्हणाले," ती म्हणाली. "तर सासूबाई म्हणाल्या, दहावं मिनिट इथं आल्यावर बोलू. तिला बोलाव. आम्ही दोघी आळीपाळीनं बसू."

मी फोन ठेवून मोठ्यानं रडले, आणि या खेपेला कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं. सुभेदार टीव्हीपुढून धावत आले. सांगितल्यावर त्यांनी आधी घसा साफ केला, मग म्हणाले, "शेवटी हुकूमच कामी आला का न्हाई?" मी हातातला टॉवेल फेकून मारला.

पुढचे तीन आठवडे नुसती धांदल. हळीव, डिंक, मेथी, खारीक, चटणी, बाळंतविडा, जुन्या मऊ लुगड्याची दुपटी. बॅग भरायची, काट्यावर ठेवायची, उपसायची, परत भरायची. सुभेदार आपले बाजूला खुर्चीत. मधूनमधून वजन वाचून दाखवायचे, तेवढंच. मला वाटलं, नेहमीसारखं मॅचवर लक्ष आहे. पण टीव्ही बंद होता, ते माझ्या नंतर लक्षात आलं.

निघायच्या दिवशी गाडी दुपारी येणार होती. सकाळपासून मी पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरत होते. वैरण कुठं, विरजण कुठं, गॅस कसा बंद करायचा, शेजारणीला धारेला कधी बोलवायचं, सगळं त्यांना सांगत होते. आतून दूध उतू गेल्याचा वास आला. आधीच सांगते, आमच्या लग्नाला तेहतीस वर्षं झाली आणि ह्या माणसानं स्वयंपाकघरात पाऊल टाकलं असेल तर पाणी प्यायला. मी ओरडणार, तेवढ्यात ते बाहेर आले. दोन्ही हातांत दोन कप. बशीत निम्मा सांडलेला. एक कप त्यांनी पायरीवर ठेवला, त्याच पायरीवर, जिथं मी उभी राहून त्यांना 'या' म्हणायची.

"सुवारे," ते म्हणाले.

कवायतीतला आवाज नव्हता तो. हळू, अर्धाच. मी म्हणाले, "आवं, मराठीत म्हना की."

त्यांनी कपात बघितलं. "मराठीत जमंना गं," ते म्हणाले. "इतकी वर्षं म्हटलंच न्हाई."

मी पायरीवर बसले. ते शेजारी बसले. आत बॅग उघडी पडली होती, विरजण लावायचं राहिलं होतं. चहात साखर घालायची ते विसरले होते, पण मी सांगितलं नाही, सगळा प्याले.